चौदा नंबरची नाडाछडी

"झालं गेलं सोडा, शालूबाई," असं मले कोणी म्हटलं ना, तं तळपायाची आग मस्तकात जाते. काऊन सोडू? सोडा म्हणणाऱ्याच्या बापाचं काय गेलं? परवा कंपनीच्या बसमध्ये एक जण असंच म्हणाली, अन् मी तिले अमडापूर स्टँड येईपर्यंत ऐकवलं. ड्रायव्हरनं गाणे बंद केले, तरी मी चालूच. आता तुम्हीबी ऐका.

खामगाव रोडवर आमची सूतगिरणी हाये. तिथं मी अकरा वर्सं रिंग फ्रेम चालवली. रिंग फ्रेम म्हणजे कापसाच्या जाड वातीचं बारीक सूत काढणारी मशीन, आगगाडीच्या डब्यापेक्षा लांब. वर वातीच्या बॉबिनी टांगल्या राहतात, खाली चात्या फिरतात अन् कांडीवर सूत गुंडाळल्या जाते. धागा तुटला की बाईनं चालत्या मशीनमध्ये बोट घालून सांधा मारायचा. मशीन थांबवून नाई, चालता चालता. दोन मशिनींच्या मधातल्या गल्लीत आठ घंटे नुसत्या येरझाऱ्या. कापूस सुकून तुटू नये म्हणून हवेत पाण्याचा फवारा सोडतात, त्यानं असं उकडते की पाठीले लुगडं चिकटते. धाग्याची एवढी काळजी! बाई सुकली काय अन् भिजली काय, कोण पायते?

पण काम मले आवडे. खोटं कायले बोलू? माहा सांधा सुतात शोधून सापडत नसे. उकंडराव मास्तर, म्हणजे आमच्या खात्याचे मोठे साहेब, नवीन पोरी आल्या की म्हणत, "शालूबाईच्या मागं फिरा आठ दिवस, मंग मशिनीले हात लावा." पोरींले मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवे. रंग. सूत पांढरं. त्यात रंगाचा एक केसर, म्हणजे बारीक तंतू, गेला की तो सुतात पिळल्या जाते, सुताचं कापड होते, अन् पांढऱ्या कापडावर तो ठिपका असा दिसते जसा भातातला खडा. मोठ्या गिरण्यांत रंग पकडणारं यंत्र राहते म्हणतात, आमच्यात बायांचे डोळे हायेत. म्हणून गेटवर तपासणी. केसात फूल नाई, हातात गंडा-दोरा नाई, डोक्यावर पांढरी टोपी, अंगावर पांढरा ॲप्रन. एका पोरीच्या टोपीतून गुलाबी रिबीन बाहेर आली होती, तं मी तिले सगळ्यांसमोर रडवलं होतं. अशी मी.

अन्नपूर्णा माह्याच हाताखाली शिकली. चोवीस वर्सांची पोट्टी. माहेर साखरखेर्ड्याचं, म्हणून आपण 'काऊन' म्हणतो तिथं ती 'कामून' म्हणे अन् बाकीच्या तिची नक्कल करत. सासू म्हणे वावरात चाल, गिरणीत काय मेलं हाये. ही दोन महिने घरात भांडली अन् गिरणीत आली. बोटं अशी, की धागा तुटायच्या आधीच तिले समजत असन. दोन वर्सं ती शिकाऊ होती, दिवाळीनंतर पक्की ऑपरेटर करणार होते. दसऱ्यापासून तिले तेरा अन् चौदा नंबर एकटीनं चालवाले द्या, पारखून पाहा, असं मास्तरले मीच सांगतलं होतं. चौदा नंबर माही मशीन होती, पहिल्या वर्सापासूनची. ती मी दुसऱ्या कोणाले दिली नसती.

आता खंडेनवमीचं सांगते, सगळा घोळ तिथंच झाला.

त्या दिवशी घरोघरी विळे, कोयते, तिफण पूजतात, तशा आमच्यात मशिनी पूजतात. दोन घंटे सगळ्या बंद. एवढ्या मोठ्या खात्यात तेवढाच वेळ माणसाचा आवाज ऐकू येते. आमचे मालक अविनाशभाऊ. त्यायच्या आई पुष्पाबाई, आम्ही त्याहीले मोठ्या बाई म्हणतो, दर वर्सी स्वतः येतात. गुडघे दुखतात तरी एकेका मशिनीपुढं जातात, हळद-कुंकू वाहतात, झेंडूचं फूल ठेवतात, अन् आपल्या हातानं लाल-पिवळी नाडाछडी बांधतात. चांगल्या हायेत बाई, मी त्याहीच्याबद्दल वाकडं बोलणार नाई. चौदा नंबरले बांधताना मले म्हणाल्या, "शालू, जप गं हिला." माहे डोळे भरून आले.

मास्तरचा हुकूम दर वर्सीचाच. आरती झाली की मशीन चालू करायच्या आधी सगळं काढायचं. फूल, कुंकू, नाडाछडी, काही ठेवायचं नाई, ओल्या कपड्यानं पुसून घ्यायचं. बाया कात्र्या घेऊन लागल्या. अन्नपूर्णाबी कात्री घेऊन चौदा नंबरपाशी आली.

"मावशी, कापू का ही?"

"थांब व! पूजेचा दोरा कापतेस? सणाच्या दिवशी कात्री लावतेस?"

"पर मास्तर म्हनले सगळं काढा म्हनून."

"मास्तरले काय समजते? पोळ्याले बैलाच्या शिंगाले बांधलेला दोरा आपण कापतो का? झिजून झिजून आपोआप पडते तो. ही मशीन मले अकरा वर्सांपासून पोसते. हिच्या अंगावरचं मी कापू देणार नाई."

"मावशी, रंग हाय तो," ती हळूच म्हणाली. "सुतात जाईल ना."

माह्याच तोंडचे शब्द, अन् मलेच! मी खेकसली, "आता तू शिकवतेस का मले?" तिनं तिसऱ्यांदाबी विचारलं, कात्री हातात धरून. मी तिच्या हातातून कात्री काढून घेतली. नाडाछडी दांडीवरून सरकवत वर नेली अन् वातीच्या बॉबिनींच्या मागं ढकलली, मास्तरले दिसू नये म्हणून. बाकी सगळ्या मशिनींच्या कापल्या, एका चौदा नंबरची राह्यली.

मशिनींच्या वर रुळावर एक पंखा फिरते. साचलेला कापूस झाडत जाते, परत येते, दिवसरात्र. अकरा वर्सं मी त्या पंख्याखाली उभी होती. तो दर फेरीले त्या नाडाछडीवर फुंकर मारणार, ती झिजणार, तिचे केसर वातीवर पडणार, एवढं समजाले शाळा लागते का? पण डोक्यात भक्ती घुसली होती ना! देवाचं नाव घेतलं की माणसाचं दिमाग बंद. दुसऱ्याचं नाई म्हणत, माहंच म्हणते.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली अन् मास्तरच्या मोबाईलवर फोटो आले. आमच्या सुताचं बनियनचं कापड विणलं होतं एका कारखान्यानं. पांढऱ्याफेक कापडावर लाल ठिपके, जसे कोणी ढेकूण चिरडले. सूत ज्यावर गुंडाळून जाते त्या कोनांवरच्या चिठ्ठ्यांवरून तारखा निघाल्या, मशीन निघाली. तेरा-चौदा नंबर, दसऱ्यानंतरचं सूत. सगळा माल परत.

हे कानावर आल्याबरोबर मी चौदा नंबरकडे पळाली. बॉबिनींच्या मागं हात घातला. नाडाछडी अर्धी उरली होती, मिशा फुटल्यासारखी. खालच्या रुळाले लाल गुंता चिकटला होता. तो मी नखानं खरडून काढला. नाडाछडी ओढून काढली अन् ॲप्रनच्या खिशात घातली. कोणाले विचारलं नाई, सांगतलं नाई. हात आपोआप चालले, चोराचे चालतात तसे.

मंग मास्तरनं आम्हा सगळ्या बायांले जमवलं. उकंडराव मास्तर तसा तापट माणूस, पण त्या दिवशी शांत बोलला.

"बायांनो, मले कारण पाहिजे, माणूस नको. कुठं काय राह्यलं, कशानं रंग आला, एवढं समजलं की मी एक ओळ लिहून देतो, पुढच्या वेळी काळजी घेऊ म्हणतो अन् विषय खतम. समोरच्या पार्टीले तेवढंच पाहिजे. कोणाले माहीत असन तं आता सांगा."

पाच मिनिटं तो उभा होता. पाच! माह्या खिशात नाडाछडी. ज्या तोंडानं मी पोरींले रंग रंग म्हणून हाणलं, त्या तोंडानं सांगू, की रंग मीच ठेवला? जिले रिबिनीसाठी रडवलं होतं ती पोरगी माह्या समोरच उभी होती. ती हसली असती. मले नोकरीची भीती नव्हती हो, खरं सांगते. मले त्या हसण्याची भीती होती. मी मिठाची गुळणी धरली. अन्नपूर्णानं माह्याकडे एकदा पायलं. फक्त एकदा. मंग खाली पाहाले लागली.

मास्तर गेला तो मालकाकडे. संध्याकाळी वरून निरोप आला, कारण सापडत नसेल तर माणूस सापडवा, पार्टीला काहीतरी दाखवावं लागेल. माणूस सापडवाले काय लागते? दुसऱ्या दिवशी गेटवाला म्हणाला, अन्नपूर्णाच्या मनगटाले नवरात्रातला लाल दोरा होता. होता ना! रोज गेटवर काढून डब्याच्या पिशवीत ठेवे, सुट्टी झाली की परत बांधे. हे तोच गेटवाला इतके दिवस पाहत होता. पण आता त्याले तेवढं आठवेना. दोरा आठवला, काढलेला नाई आठवला. वड्याचं तेल वांग्यावर ओतायचं असलं की लोकांले बरोबर अर्धंच आठवते.

तिसऱ्या दिवशी पोरीच्या हातात कागद. चौकशीत दोषी, महिन्याच्या शेवटी कामावरून कमी. अन् तो कागद म्हणजे नुसता या गिरणीचा नाई. या पट्ट्यात रंगाचा डाग लागलेल्या बाईले कोणतीच गिरणी गेटाच्या आत घेत नाई. तिची सासू वावरात वाटच पाहत होती.

तरी पोरगी बोलली नाई! सगळे विचारून राह्यले, ही दोन्ही ओठ शिवून. मले असा राग आला, असा राग आला तिचा! जेवणाच्या सुट्टीत नळावर गाठली मी तिले.

"मुकी हायेस का व तू? माहं नाव काऊन नाई सांगत? शालूमावशीनं कापू दिलं नाई म्हणून सांग ना! कोणाची चोरी हाये?"

ती डबा धूत होती. तिनं नळ बंद केला.

"मी कामून सांगू?" ती म्हणाली. "तुम्हाला तोंड न्हाई का, मावशी?"

कोणी कानाखाली हाणली असती तं बरं वाटलं असतं. आजूबाजूच्या बायांनी ऐकलं की नाई देव जाणे. ती डबा पुसून निघून गेली, अन् मी त्या चिखलात उभी राह्यली, चपला भरल्या तरी समजलं नाई.

चौथ्या दिवशी मी ऑफिसात गेली. ॲप्रन काढला नाई, टोपी काढली नाई, शिपायानं थांबा म्हटलं तं त्याच्या अंगावरून गेली. आत अविनाशभाऊ अन् मास्तर. मी नाडाछडी टेबलावर ठेवली.

"ही चौदा नंबरवर होती," मी म्हटलं. "खंडेनवमीपासून. अन्नपूर्णा तीनदा कापाले आली, मी कापू दिली नाई. मास्तर आले तेव्हा माह्या खिशात होती. आता त्या पोरीचा कागद फाडा."

मास्तरनं डोक्याले हात लावला. "शालूबाई, अवो बाई, त्या दिवशी काऊन नाई बोलल्या?"

मी नाडाछडी अविनाशभाऊंकडे सरकवली.

अविनाशभाऊ नाडाछडीकडे पाहत राह्यले. त्याहीनं ओळखली. लाल-पिवळी, मधात जर, मोठ्या बाई खास शेगावहून आणतात. "हे अजून कोणी पाहिलंय?" त्यांनी विचारलं.

"नाई."

"मग कोणी पाहायचं पण नाही. हे बघा शालूबाई, परवाच आम्ही पार्टीला लिहून दिलंय. एका कामगार बाईच्या हातात दोरा होता, तिच्यावर कारवाई केली. ते समाधानी आहेत. आता मी काय लिहू? आमच्या आईनं पूजा केली, त्यात माल गेला? उद्या हसतील ते. आईला कळलं तर ती पुन्हा गिरणीत पाय ठेवणार नाही."

माह्या अंगाची लाही लाही झाली. "अन् त्या पोट्टीनं पाय ठेवला नाई तं चालते का? तुमच्या आईनं बांधली त्यात गलती नाई, भाऊ. पूजा केली त्याहीनं. ठेवली मी. गलती माही. मंग माह्या नावानं लिहा!"

"तुम्ही अकरा वर्षांच्या ऑपरेटर आहात. तुमच्यासारखी बाई मला कुठून मिळणार? ती काय, शिकाऊ आहे."

घ्या! म्हणजे जिनं केलं ती कामाची, म्हणून ती सुटली. जिनं केलं नाई ती शिकाऊ, म्हणून ती अडकली. अन् वरून माहं कौतुक! हे कौतुक मी त्याहीच्या तोंडावर फेकून मारलं. काय काय बोलली ते सगळं आठवत नाई. गेटवाल्याच्या खोटेपणापासून फवाऱ्यापर्यंत सगळं निघालं. मास्तर दोनदा "हळू बोला, हळू बोला" म्हणाला. शेवटी मी म्हटलं, "तिचा कागद फाटला नाई तं ही नाडाछडी घेऊन मी आता मोठ्या बाईंकडे जाते. मंग पाहू कोण कोणाले सांगते."

तेव्हा अविनाशभाऊंचा चेहरा बदलला. माह्या गलतीले ते भ्याले नाईत, पोरीच्या हालांले भ्याले नाईत, आईले भ्याले. बराच वेळ ते मास्तरशी हलक्या आवाजात बोलले. मंग मास्तरनं नवीन कागद केला अन् माह्यापुढं सरकवला.

मी वाचला. त्यात पूजा नव्हती, खंडेनवमी नव्हती, चौदा नंबरची नाडाछडी नव्हती. त्यात लिहिलं होतं, की आधी नाव चुकून दुसऱ्या बाईचं गेलं, दोरा शालूबाईच्या मनगटाले होता, तिनं गेटवर लपवून आत नेला.

"हे खोटं हाये," मी म्हटलं.

"पार्टीला मनगट सांगितलंय," अविनाशभाऊ म्हणाले. "मनगट बदलू शकतो. गोष्ट नाही."

एक बाईच पाहिजे होती त्याहीले. कोणती का असेना. अकरा वर्सांत माह्या मनगटाले कधी दोरा नव्हता, मंगळसूत्रबी ॲप्रनच्या आत असे. मी मास्तरकडे पायलं. तो खिडकीबाहेर पाहून राह्यला होता, जसं बाहेर काही चालू होतं. मी सही केली. पेन त्यायचंच होतं, तिथंच आपटून आली.

पुरं काढलं नाई मले. उपकार केले! रिंग फ्रेमवरून काढून कापूस निवडाले बसवलं. गिरणीच्या पहिल्या खोलीत रुईचे ढीग टाकतात, बाया भुईवर बसतात अन् त्यातलं नको ते वेचतात. प्लास्टिकच्या पोत्याचे धागे, सुतळी, केस, गुटख्याच्या पुड्या, वेचणाऱ्या बायांच्या लुगड्याच्या चिंध्या. गावात झालं, शालूबाईनं हातात दोरा लपवून नेला अन् कंपनीचा माल नासवला. भाजीवालीबी मनगट पाहून मंग तोंडाकडे पाहाले लागली. मी कोणाकोणाले सांगू? सांगतलं तं म्हणतात, झालं गेलं सोडा.

दिवाळी झाली, अन्नपूर्णा पक्की झाली. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती निवडखोलीत आली. हातात पेढ्याचा पुडा. माह्यासमोर उकिडवी बसली. तिच्या बोटाले कापूस लागला होता, बोटं माह्यासारखीच चिरली होती. मंग मीच विचारलं, "चौदा नंबर कशी चालून राह्यली?"

"डाव्या बाजूला धागे जास्त तुटतात."

"तिथला रूळ घासला हाये. मास्तरले सांग, सांगितल्याबिगर तो बदलणार नाई."

ती मान हलवत राह्यली. पेढा तिनं माह्या हातावर ठेवला. मंग खाली पाहत म्हणाली, "मावशी, मास्तर सांगत व्हते. पहिल्या दिवशी तुम्ही बोलल्या असत्या, तर एका ओळीत मिटलं असतं. आपण दोघीबी तिथंच असतो."

रागानं बोलली नाई ती. मले टोमणा मारावा असं तिच्या मनात नव्हतं. खरं होतं तेवढंच बोलली. मालकाले मी आजबी शिव्या देते, गेटवाल्याले देते, मास्तर दिसला की तोंड फिरवते. त्यायच्यासाठी माह्यापाशी शब्दांची कमी नाई. पण तिच्यापुढं दोनच निघाले.

"हाव," मी म्हटलं. "असतो."

भोंगा वाजला. ती उठली, ॲप्रन झटकला अन् आपल्या मशिनीकडे गेली. मी पेढा खाल्ला अन् समोरचा ढीग पुढं ओढला.